मला कुठे बसवावे

मी, रेवणसिद्ध महालिंगअप्पा हालगे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दोर-दावे व बैलांच्या साजाचे दुकान, राहणार सोनपेठ, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ती आजपर्यंत शाबूत होती का, हे त्यांनी तपासले नाही आणि मीही ठामपणे सांगू शकत नाही. यापूर्वी केलेली माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती आणि राग कोणावर होता ते आता नीट आठवत नाही.

कलम १. राहते घर मुलगा राजशेखर, जो लातूरला नोकरीस असतो, आणि मुलगी ईश्वरी, जी वालूरला दिली आहे, यांना समान मिळावे. एका वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून मी स्वयंपाकघराची खिडकी वीट-सिमेंटने बुजवली होती. घरात बरकत येणार होती, धूर आला. माझी कैलासवासी पत्नी शिवम्मा डोळे पुसत भाकरी थापायची आणि म्हणायची, ‘‘अवो, देवाला तरी दिसू द्या की आत काय शिजायलंय.’’ ती खिडकी मुलांनी आधी फोडावी, मग वाटणी करावी.

कलम २. दुकान राजशेखरने चालवू नये. लोक बैल विकून ट्रॅक्टर घेऊ लागले त्याच साली मी घुंगरमाळांचा मोठा माल भरला. मला वाटले, बैल रुसून गेलेत, परत येतील. पोळ्याला जो कोणी खरा बैल घेऊन दुकानापुढे येईल त्याला एक माळ फुकट द्यावी. ट्रॅक्टर सजवायला मागणाऱ्यास देऊ नये. किंवा द्यावी, माळा तरी अजून किती दिवस टांगून ठेवणार?

कलम ३. बँकेतली ठेव ईश्वरीला. राजशेखरच्या शिक्षणात त्याचा वाटा गेला आहे. त्याने तोंड वाकडे करू नये.

कलम ४. शेत. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल. वकील नको म्हणतात.

माझे गोदाकाठचे काळेभोर रान होते. त्याच्या बांधाला लागून वाल्मीक धोंडिबा रोडे यांचे मुरमाड रान. एका उन्हाळ्यात मोजणीवाले आले आणि वाल्मीकच्या रानात लाल फडक्यांच्या खुंट्या ठोकून गेले. बाजारात बोलबाला झाला, की मोठा रस्ता येणार, मुरमाडाचे सोने होणार. मी गप्प राहिलो. शहाणा माणूस गप्प राहतो, अशी माझी समजूत. मग वाल्मीकला चहा पाजून म्हणालो, ‘‘मला आता राबणं होत न्हाई. माझं काळं रान घे, तुझं मुरमाड मला दे.’’ तो म्हणाला, ‘‘अप्पा, मागनं बोलायचं न्हाई बरं.’’ त्याच्या तोंडावरचे हसू मला दिसत होते. त्याच्या हिशेबाने मी खुळा, माझ्या हिशेबाने तो. दोघांनी अदलाबदलीचा दस्त नोंदवला आणि पेढे मीच वाटले.

घरी आलो तेव्हा माहेरपणाला आलेली ईश्वरी म्हणाली, ‘‘अप्पा, अन् माय?’’

आमच्यात जाळत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, लिंग तळहातावर देऊन मातीत बसवतात. शिवम्माला काळ्या रानाच्या कोपऱ्यात बसवले होते. तिच्या उजव्या हाताची जागा माझी, असे मीच सगळ्यांना सांगून ठेवले होते. दस्तात बांध लिहिले, झाडे लिहिली, शिवम्मा लिहायची राहिली. बायकोला विसरून रान देऊन टाकणारा दुसरा कोणी या जिल्ह्यात असेल तर त्याला मला भेटायचे आहे.

मागाहून कळले, की त्याच संध्याकाळी वाल्मीकच्या घरी त्याची कारभारीण कडूबाई विचारत होती, ‘‘अन् इहीर?’’ त्याची एकुलती विहीर मुरमाडात. ती माझ्याकडे आली. माझ्याकडे पाणी आले, माती गेली. त्याच्याकडे माती आली, पाणी गेले. रस्ता काही आलाच नाही. खुंट्या लोकांनी चुलीत घातल्या.

कोणीही म्हणेल, परत करा अदलाबदल. मीही तेच म्हणतो. पण आधी तोंड कोणी उघडायचे? जो उघडेल तो खुळा ठरणार. वाल्मीकने समाधीकडची पायवाट काटे टाकून बंद केली. मी विहिरीच्या मोटारीच्या पेटीला कुलूप घातले. तेव्हापासून शिवम्माला मी बांधावरून हात जोडतो. मुरमाड रान दोन्ही मुलांना समान. कुलूप माझ्या मागेही काढू नये. किंवा काढावे. हे वाक्य वकील खोडायला सांगतात, पण राहू द्या.

कलम ५. वाल्मीक रोडे यास माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. वकील म्हणाले, मृत्युपत्रावर जो साक्ष घालतो त्याला त्यातून काही घेता येत नाही. म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार ठरवून निरोप धाडला आहे.

कलम ६. माझा देह. खरे तर या एका कलमासाठी मी लिहायला बसलो. मला शिवम्माच्या उजव्या हाताला बसवावे, एवढेच मागणे आहे. पण जी जमीन माझी नाही, तिच्याबद्दल मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही. मुरमाडात बसवा म्हणावे तर तिथे पहार चालत नाही आणि एकटा मी तिथे करू काय? समाजाच्या जागेत बसवा म्हणावे तर ती वाट बघत राहील. मेलेले माणूस वाट बघते का, हे मला माहीत नाही. मला भीती वाटते. घरदार तुम्ही कसेही वाटून घ्या. माझे काय करायचे, एवढे मला कोणीतरी सांगा.

पुरवणी. वरील मजकूर पुरा झाल्यावर वाल्मीक सही करायला आला. साक्षीदाराला मजकूर कळायची गरज नसते, तरी वकिलांनी सहावे कलम मोठ्याने वाचले. वाल्मीक टोपी काढून खाली बघत बसला. मग म्हणाला, ‘‘अप्पा, हे मला कवा इचारलं तुमी?’’

मी म्हणालो, ‘‘तू वाटंवर काटे टाकलेस.’’

‘‘रोह्यांचे कळप शिरायलेत रानात, पीक खायलेत, म्हणून टाकले. तुमी कुलूप कामून घातलं?’’

‘‘तू काटे टाकलेस म्हणून.’’

वकील हसले. आम्हा दोघांना हसू आले नाही.

‘‘बसा की तिथं, कोन न्हाई म्हनतंय? पर...’’ तो अडखळला. ‘‘पान्याबिगर काळं रान काय चाटायचं? आमचा पप्पू दर साली ऊसतोडीला जायलाय. मंग म्या बोर पाडला. पानाड्यानं हातावर नारळ धरून जागा दावली. शिवम्माअक्काच्या उजव्या अंगाला. लय खोल गेलो, अप्पा. कोरडा गेला.’’

म्हणजे माझ्या जागेवर आता एक खोल भोक आहे. ते वाल्मीकने पाडले, पानाड्याने पाडले, की कुलूप घालून मीच पाडून घेतले, हे मला काही केल्या ठरवता येत नाही. मी विचारले, ‘‘अन् डावं अंग?’’

‘‘मोकळं हाय. तिकडं म्या नांगर घातला न्हाई कवा.’’

विहिरीचे पाणी मृत्युपत्रात लिहून दिले तर वाल्मीक साक्षीदार म्हणून चालणार नाही आणि मला साक्ष त्याचीच हवी आहे. म्हणून ते लिहीत नाही. पेटीची किल्ली आताच त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, ‘‘पप्पू फडावर हाय, आता पेरनार कोन?’’

कलम सहा आता असे वाचावे: मला शिवम्माच्या डाव्या हाताला बसवावे. लग्नापासून ती माझ्या डावीकडे बसत आली, आता मी तिच्या डावीकडे बसतो. ती काय म्हणेल, कळत नाही. पण या वेळी विचारून आलो, एवढे तिला सांगता येईल.

सही: रेवणसिद्ध महालिंगअप्पा हालगे

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत वरील इसमाने सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. ते रडत होते, पण शुद्धीवर होते.

साक्षीदार:
१. तात्याराव नामदेव गिराम, शेजारी, सोनपेठ
२. वाल्मीक धोंडिबा रोडे, बांधशेजारी

ठिकाण: सोनपेठ
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५