बारा वर्षांचा दाखला

४ ऑगस्ट
डेंग्यूची साथ. लॅबमध्ये नमुन्यांचा ढीग, जोडीची स्वप्ना सुट्टीवर, मी एकटी. नार्नूरच्या तीन महिन्यांच्या पोरीची शीर कोणालेच सापडेना. सिस्टरनं मले बोलावलं. एका सुईत रक्त निघालं. तिची आई गोंडीत काहीतरी बोलली, समजलं नाही. माझा हात मात्र सोडेना.

९ ऑगस्ट
दवाखान्यात लॅब टेक्निशियनची कायम भरती निघाली! लेखी परीक्षा, शिवाय कंत्राटी नोकरीच्या वर्षांचे मार्क. माझी बारा वर्षं. गजानन म्हणे, "आता तरी होते तुझं." आज त्यांनीच चहा केला, लग्नानंतर पहिल्यांदा.

१२ ऑगस्ट
दवाखान्याच्या मोठ्या मॅडमकडे अनुभवाचा दाखला मागितला. "सुमन, मैं जानती हूँ तुमको। पर तुम हमारी नहीं, एजेंसी की हो।" बारा वर्षांत एजन्सी दोनदा बदलली. खुर्ची तीच, मायक्रोस्कोप तोच. आताच्या एजन्सीकडे फक्त दोन वर्षं.

१७ ऑगस्ट
जुनी एजन्सी निर्मल गावची. रजा टाकून गेली. तिथं आता मोबाइलचं दुकान. "वो लोग तो कब के गए, अम्मा।" फोन बंद. त्याच्याआधीची हैदराबादची, तिचा तर पत्ताच नाही. परतीच्या बसमध्ये रडू येईल वाटलं. झोप आली.

२५ ऑगस्ट
शेवटची तारीख. दोन वर्षं लिहून अर्ज भरला. बाकीची दहा...

३० सप्टें.
यादी लागली. स्वप्ना आहे, मी नाही. तिले सुई धरायले म्याच शिकवलं. पाया पडायले वाकली, "अक्का, आप ही ने सिखाया।" लेखीत ती हुशार, तिचा दोष नाही. राग येऊन राह्यला, पण कोणावर?

६ ऑक्टो., शुक्र.
एजन्सी परत बदलली, आता चौथी. फॉर्म दिला : 'नवीन नेमणूक. पूर्वानुभव निरंक.' सोमवारी सही करून द्या, नाहीतर येऊ नका. मॅडमले दाखवला. "कर दो ना, काम तो वही है।"
गजानन चिडले, "सही करू नको." जरा वेळानं हळूच म्हणे, "पण मंग करशील काय?"
काऊन विचारलं त्यांनी?

९ ऑक्टो., सोम.
फॉर्मवर नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. सहीच्या जागी पेन चालेना.
पोळ्या झाल्या. डबा भरला. कोठं जायचं ते ठरलं नाही.