कुंभारणीचं घर

२० फेब्रुवारी १९४५, मंगळवार

विमान! आमच्या वावरात! जवारीच्या धसकटात, विहिरीपासून शंभर पावलांवर!

सकाळी आभाळात खोकल्यासारखा आवाज झाला आणि बाबांचे बैल दावं तोडून पळाले. मी धावत पोचले तेव्हा ते एका अंगाला कललेलं उभं होतं, तोंडातून काळं तेल गळत होतं. चालवणारा पंजाबी साहेब वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून आमच्याच तांब्यातून पाणी पीत होता. सोनाळ्यात इंग्रजी येणारी मी एकटीच असावी, कारण पाटलांनी मला पुढे ढकललं. तार मी लिहून दिली. 

बाबा म्हणाले, "टोळधाड पाह्यली होती. एवढा मोठा टोळ नव्हता पाह्यला बा!"

२२ फेब्रुवारी, गुरुवार

दुरुस्तीला माणूस आला. शेगाव स्टेशनापासून बैलांच्या रेंगीत, दोन जड पेट्या घेऊन. साहेब त्याच रेंगीनं शेगावला गेला.

मला वाटलं होतं, गोरा असेल. हा तर आमच्याहून काळा, ठेंगणा, बाहीवर हुद्द्याचे दोन पट्टे. नाव पतरस तिग्गा. रांचीकडचा उरांव आदिवासी. बाप भात पिकवतो, यानेही पंधराव्या वर्षापर्यंत नांगर धरला. मग मिशनच्या कारखान्यात लोहारकाम, मग फौजेत, मग विमान! नांगराच्या मुठीवरून थेट इथवर. मी घरातली पहिली बी.ए. म्हणून केवढा तोरा मिरवते!

धर्मानं तो लूथरन. मायने विचारलं, "म्हंजे किरस्तावच ना? मंग आपल्या घरचं खाईन का?" खातो. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी मागितला. माय त्याला लगेच 'बाबू' म्हणायला लागली.

काम सुरू करण्याआधी त्यानं टोपी काढली, तळहात इंजिनावर ठेवला, डोळे मिटले. एवढं गाव पाहत होतं. शकूर लोहार माझ्या मागे हळूच म्हणाला, "कारागीर हाय. मीबी बिस्मिल्ला म्हणल्याबिगर घन उचलत नाई."

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक वायसर हरवला. बोटाच्या नखाएवढी लोखंडी चकती! पतरसनं काढलेला प्रत्येक तुकडा रॉकेलमध्ये धुऊन धोतराच्या फडक्यावर ओळीनं मांडला होता. मोजताना एक कमी. झालं — काम बंद. बायकांनी चाळण्या आणल्या, सुपं आणली, अर्ध्या गावानं माती चाळली. मी म्हटलं, दुसरा घाला ना! तो म्हणाला, "दूसरा तो है, बहनजी. पर पहला अंदर गिरा हो तो? ऊपर जाकर ढूँढने की जगह नहीं है."

अन्नपूर्णावहिनीला सापडला. कितीतरी दिवसांनी तिला हसताना पाहिलं. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. दुसरबीडच्या मामांनी शेषरावदादासाठी दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे, आणि दादा नाही म्हणत नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

इंजिन चाललं! धसकटं उडाली, लुगडी उडाली, पाटलांचा फेटा बाभळीवर जाऊन बसला!

पतरसची एक वही आहे. केलेलं प्रत्येक काम इंग्रजीत लिहायचं आणि खाली सही. इंग्रजी कच्चं, म्हणून मी तपासून देते. सही करण्याआधी तो उठून त्या भागाकडे पुन्हा जाऊन येतो. असा माणूस मी पाहिला नाही.

पंखाखाली बोटाएवढी एक नळी आहे. ती फुंकून पाहिली आणि तिच्यावर खाकी कापड बांधलं. "इसको कोई छूना मत."

२५ फेब्रुवारी, रविवार

आज तो हत्याराला हात लावत नाही. देवाचा दिवस. पाटील चिडले, "लढाई चालू हाय न् हा बसून राह्यला!" बाबांनी गप्प केलं, "पोळ्याले तुमी बैलाच्या खांद्यावर जू ठेवता का? मंग?" बाभळीखाली तो एकटाच भजन म्हणत होता. हिंदीत, बसक्या आवाजात. ऐकत उभी राहिले. आपण कधी इतकं मनापासून काही केलं आहे का?

दुपारी आम्ही तिघी भाकरी घेऊन गेलो. त्या नळीभोवती कुंभारीण माशी घोंगावत होती, तोंडात चिखलाची गोळी. वहिनी जागची हलेना. माय म्हणाली, "घर पाहून राह्यली. कुंभारीण घर करते तिथं पाळणा हालते, पोरी." वहिनीचं तोंड मला पाहवेना. विमान असलं तरी वावर आमचंच ना!

मायने कापडाची गाठ सोडली. मी अडवलं नाही. अडाणी समजूत आहे, पण कोणाचं काय बिघडणार? संध्याकाळी कापड पुन्हा बांधलं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

कसं लिहू?

साहेब परत आला. उड्डाण उद्या सकाळी. बाबांनी बैलांच्या दहा जोड्या जुंपून, वखर फिरवून धसकट काढलं, उड्डाणापुरतं वावर तळहातासारखं सपाट झालं. दुपारी पतरसनं वही तपासायला दिली. एक ओळ होती — नळी तपासली, मोकळी आहे. खाली आजची सही. सहज विचारलं, ही नळी कशासाठी?

त्यानं समजावलं. नळीत हवा शिरते, त्यावरून साहेबाला वेग कळतो. नळी बुजली तर काटा खोटं बोलतो. वेग कमी झालेला कळत नाही आणि विमान दगडासारखं खाली येतं.

 "कुंभारीण —" म्हटलं, "त्यात कुंभारणीनं घर केलंय. मायने गाठ सोडली होती."

माय तिथंच भाकरी सोडत होती. माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाली, "हाव बाबू. म्याच सोडली."

पतरस ओरडला नाही. लोखंडी तार घेऊन नळीकडे गेला. वाळलेला चिखल निघाला, त्यात हिरव्या अळ्या. वहिनी तोंडात पदर कोंबून पाहत होती. तो मायसमोर येऊन उभा राहिला. "माई, गलती मेरी है. आज मैंने कपड़ा बँधा देखा, खोलकर नहीं देखा. और सही कर दी."

हेच त्यानं वहीत लिहिलं. सही केलेल्या ओळीखाली. साहेब भडकला. "पन्ना फाड़ दे. किसको पता चलेगा?"

"पता तो चल गया, साहब."

"बाँह का पट्टा जाएगा तेरा!"

"जाने दीजिए."

इतक्या साध्या आवाजात! जसं कोणी म्हणावं, मीठ द्या.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. मागच्या जागेवर पतरस स्वतः बसला. त्यांच्यात रीतच आहे — ज्यानं दुरुस्त केलं त्यानं पहिल्यांदा सोबत उडायचं. मायने दह्याची वाटी पुढे केली, त्यानं ती चाटून पुसून खाल्ली.

चाकं मातीपासून सुटली. बाबांनी हात जोडले. शकूरभाईनं पण.  विमान सातपुड्याच्या अंगानं वळलं, उन्हात एकदा लखलखलं, आणि आभाळ होतं तसं झालं.

वहिनी आज जेवली नाही.

४ मार्च, रविवार

पंचवीस तारखेचं पान खोटं आहे. माय तेव्हा विहिरीवर गेली होती. गाठ मी सोडली. संध्याकाळी मीच बांधली.

आज तिला विचारलं, तू काऊन घेतलंस अंगावर? भांडी घासता घासता म्हणाली, "तू शिकली हायेस. तुले लोक हासले असते. अडाण्याले कोण हासते?"

पतरसचा पट्टा जाऊ नये म्हणून साहेबाला पत्र लिहिलं, सगळं. पेटीत टाकून आले.