दहा हजार एक आणि माझं वय

चि. फुमिए,

थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? इथे सकाळचं धुकं पडू लागलंय, मी ठणठणीत आहे, मुळ्याचं लोणचंही मुरलंय. गुडघ्यापायी तुझं चिनात्सुच्या लग्नाला येणं हुकलं. बरंच झालं, भावाची फजिती तरी पाहावी लागली नाही.

तुला ठाऊकच आहे, आईबापांनी काडीमोड घेतला तेव्हा ही नात पाच वर्षांची होती. पुढे मीच वाढवली. लग्न ठरल्यावर एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "आजोबा, आमचंही तसंच झालं तर?" आपल्याकडे लग्नाच्या पाकिटात दोनाने भाग जाणारी रक्कम घालत नाहीत, जोडपं दुभंगेल म्हणून. मी म्हटलं, दोनाचंच काय घेऊन बसलात? कशानेच भाग जाणार नाही असा आकडा पोरीला देतो! (तातामीच्या चटया शिवण्यात जन्म गेला, गणित सगळं सोरोबानचे मणी सरकवत आपलं आपण शिकलेलं. हसतेस? हस.) दहा हजार एक घेतला. काय देखणा आकडा! दोन्ही टोकांना एकेक उभा, नवरानवरीसारखा, मध्ये शून्यांचं मोकळं अंगण. उलटा वाचा, तरी तोच. दोनाने भागलं, एक उरला, तिनाने, दोन, साताने, पाच. शंभराच्या आत भाग गेला नाही की पुढे बघायला नको, एवढं मला कळतं. एकाहत्तरपर्यंत आलो. पुढे त्र्याहत्तर. ते तर माझंच वय! मी कशाला पोरीच्या संसाराच्या आड येईन? सोडलं आणि पुढे गेलो.

चांगल्या देवदाराच्या फळीवर कुंचल्याने लिहून आकडा हॉलमध्ये टांगला आणि भाषणात छाती फुगवून म्हणालो, "याला कोणी हात लावू शकणार नाही!" नवरामुलगा कोसेइ (बसची वेळापत्रकं आखतो, आकड्यांतच राहतो) चुळबुळायला लागला. मी म्हटलं, "बोल की रे, लाजतोस काय?" तो लालेलाल. लग्नात तुटणं, भाग जाणं असले शब्द काढायचे नसतात, आणि त्याला नेमका तोच काढायचा होता! शेवटी जेवणाच्या कार्डामागे लिहून हळूच सरकवलं: ७३ × १३७.

गुणून पाहिलं, दहा हजार एकच! चिनात्सुने कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. "एकशे सदतीस वर्षं तर कोणी जगत नाही. म्हणजे आमच्या मध्ये येऊ शकणारे तुम्ही एकटेच, आजोबा! मग मी उगीच घाबरत होते."

गुडघ्याला शेक देत जा.

तुझा दादा,
सेइकिची

ता. क. दोघं म्हणतात, आमच्याकडे राहायला या. त्र्याहत्तराव्या वर्षी कसा जाऊ? एप्रिलमध्ये चौऱ्याहत्तरचा होईन; त्याने भागून पाहिलं, अकरा उरतात, धोका नाही. तोवर तुझ्याकडे येऊ का? तुझ्या एकाहत्तरनेही भाग जात नाही, तुला आधीच तपासलंय.

आणखी एक. आकड्याचं हे कारण पोरांना सांगायला आहे. तुला म्हणून सांगतो, संध्याकाळी माझ्या हातून अजून भाताच्या दोन वाट्या मांडल्या जातात, एक चिनात्सुची. लोणच्याची बरणी बांधून ठेवली आहे.