सहा गळांची दोरी आणि महिला मंडळ

इंदोरा, नागपूर
मे १९७७

प्रिय गोपाळराव,

सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला बसला का? भंडाऱ्याला ऊन कसं आहे? (ही विचारपूस मनापासून केलेली आहे. पुढचा मजकूर वाचून डोकं तापलं, तर पुन्हा इथं येऊन ती वाचावी.) इकडे मी ठीक आहे. ठीक नसायला मला काही झालेलं नाही.

पुष्पलता तुमच्याकडे सुखरूप पोचली, हे तुमच्या पत्रावरून कळलं. त्याच पत्रात तुम्ही हुकूम सोडला आहे की जावईबुवांनी आधी ती होडी विकावी, मग बहिणीला नागपूरला पाठवू. गोपाळराव, तुम्ही वयानं मोठे. माझ्या लग्नात वरातीपुढे नाचताना तुमचा घोटा मुरगळला होता, ते उपकार मी विसरलेलो नाही. तरीपण शाई वाळायच्या आत स्पष्ट सांगतो, होडी मी विकणार नाही. बायको माझी, होडीही माझी, आणि एकीच्या बदल्यात दुसरी असा बाजार मांडायला आपलं गांधीबागेत दुकान नाही.

तुम्ही ती होडी पाहिलेली नाही, म्हणून आधी तिच्याविषयी सांगतो. कामठीला एका भंगारवाल्याकडे सैन्यातून मोडीत निघालेलं सामान येतं. लोक तिथून बूट आणतात, मच्छरदाण्या आणतात, त्यांना कोणी विचारत नाही. मी होडी आणली तर सगळ्या मोहल्ल्याच्या पोटात दुखलं. लाकडी बरगड्यांवर ताणलेलं जाड कॅनव्हास, एका माणसापुरती जागा, आणि घडी केली की सायकलच्या कॅरिअरवर बांधता येते. सैन्यात तिला कयाक म्हणतात, आमच्या गल्लीत डोंगी म्हणतात. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं, त्यामुळे डावीकडून वल्हवलं की उजवीकडचं पाणी आपल्या मानेत येतं, आणि उन्हाळ्यात ते बरंच वाटतं. पहिल्या दिवशी मी ती घेऊन निघालो तेव्हा शेजारचा लहानू ओट्यावरून म्हणाला, "काहून गा रुपराव, पूर येऊन राह्यला का?" मी सायकल पुढे काढली. ज्याला घरच्या नळाखाली बादली सरळ लावता येत नाही, त्याच्याशी पाण्याबद्दल काय बोलायचं?

आता मासे धरण्याचं शास्त्र. कामठीजवळ कन्हानच्या डोहात मोठी मरळ आहे. ती मेलेल्या आमिषाकडे ढुंकून पाहत नाही. (तुमच्याकडे वैनगंगेवर लोक गांडूळ लावून काठावर झोपतात, त्याला मी मासे धरणं म्हणत नाही.) मरळीला जिवंत, वळवळणारा बारीक मासा लागतो. म्हणजे मोठा मासा धरायच्या आधी छोटे धरायचे, आणि तेही न दुखवता. त्यासाठी एकाच दोरीला थोड्या थोड्या अंतरावर सहा बारीक गळ बांधायचे, प्रत्येकाला सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा तुकडा लावायचा, खाली शिशाचा गोळा. होडी माशांच्या थव्यावर आणायची आणि दोरी नुसती वरखाली करत राहायची. माशांना चांदी म्हणजे किडे वाटतात, आणि एका ओढीत तीन-तीन वर येतात. हे सगळं मी होडीच्या खिशात निघालेल्या एका इंग्रजी मासिकाच्या पानांवरून शिकलो. अर्थात त्या पानांत हे लिहिलेलं नाही, की अरुंद होडीत बसलेल्या माणसानं सहा गळांची दोरी पाण्याबाहेर काढली, की ती पहिल्यांदा त्या माणसालाच धरते.

एक गळ बाहीत, एक टोपीत, एक विजारीत अशा जागी अडकला, की ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. चौथा कॅनव्हासच्या तळात रुतला. मी तो जोर लावून उपटला आणि तिथून पाण्याची बारीक धार सुरू झाली. मी घाबरलो नाही. (मला पोहता येत नाही, पण घाबरण्याचा आणि पोहण्याचा काही संबंध नाही.) डब्यात पुष्पलतेनं दिलेल्या पोळ्या होत्या, त्यातली एक मी चावून चावून तिचा गोळा केला आणि भोकात दाबून बसवला. थोड्याच वेळात होडीखाली खळबळ सुरू झाली. बघतो तर कन्हानमधले सगळे बारीक मासे ती पोळी खालून खायला जमले होते. म्हणजे ज्या आमिषाच्या शोधात मी नदीभर फिरत होतो, ते आपल्या पायांनी माझ्या बुडाखाली आलं. तुम्ही याला फजिती म्हणाल. मी याला शोध म्हणतो. त्या दिवशी डबाभर जिवंत मासे घेऊन मी घरी आलो, आणि एवढा आनंद मला कचेरीत कायम झालो तेव्हाही झाला नव्हता.

आता ज्या प्रकरणावरून तुमची बहीण निघून आली, ते माझ्या तोंडून ऐका. मरळ पहाटे लागते, आणि कचेरीमुळे पहाटे जाणं मला रविवारीच जमतं, त्यामुळे आणलेले मासे रविवारपर्यंत जिवंत ठेवणं भाग होतं. नागपूरच्या या उन्हात बादलीतलं पाणी चहासारखं होतं. घरात गार, सतत खेळतं, वरून ठिबकणारं पाणी फक्त एकाच ठिकाणी असतं, ते म्हणजे कूलरच्या टाकीत. मी मासे तिथे सोडले. कोणताही विचारी माणूस हेच करील. सहा गळांची ती दोरी धुऊन कूलरच्या जाळीला वाळत घातली, कारण ओले गळ गंजतात. आणि कचेरीत गेलो. पुष्पलतेला सांगायचं राहिलं, एवढं एक मी मान्य करतो. पण ती तरी मला सगळं कुठे सांगते?

त्या दुपारी आमच्याकडे महिला मंडळाची सभा होती, बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची. पहिल्यांदाच आमच्याकडे भरणार होती. पुष्पलता कितीतरी दिवस त्या तयारीत होती, चादरी धुतल्या, कपबशा उसन्या आणल्या, मला चार वेळा बजावलं की लवकर येऊ नका. बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या, कूलरसमोर बसल्या. थोड्या वेळानं वाळ्याच्या वासात दुसराच वास मिसळायला लागला. अध्यक्षा अंजनाबाई, शाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या, त्यांनी नाकाला पदर लावला. पुष्पलतेला वाटलं, बाहेरच्या नालीचा वास आहे, हवा वाढवली की जाईल. तिनं कूलरचं बटण शेवटच्या टोकाला फिरवलं.

जाळीवरची दोरी वाऱ्यानं उडाली. पहिला गळ अंजनाबाईंच्या पदरात लागला. त्यांनी पदर ओढला, तशी दोरी ताणली जाऊन दुसरा गळ शेजारच्या सिंधूताईंच्या खांद्यावरच्या साडीत रुतला. त्या दचकून उठल्या आणि तिसरा खजिनदार बाईंच्या अंबाड्यात. आता तिघी एका दोरीवर. एक डावीकडे ओढते, दुसरी उजवीकडे, मधली "माय वं, माय वं" करून राहिली, आणि बाकीच्या सोडवायला आल्या त्यातल्या दोघी आणखी लागल्या. नेमका त्याच वेळी मी दारात आलो. (कचेरीत वीज गेली होती, म्हणून लवकर सुटलो. बजावलेलं विसरलो नव्हतो.)

इथे मी जे बोललो, तेच तुम्हाला तिखटमीठ लावून सांगितलेलं दिसतं. खरं ते असं. मी फक्त म्हणालो, "ओढू नका, ढील द्या." ही सूचना पूर्णपणे योग्य होती. ताणलेल्या दोरीवर गळ जास्त रुततो, हे कोणालाही विचारा. नंतर मी कात्रीनं एकेकीला सोडवलं, आणि सगळ्या सुटल्यावर दोरी हातात घेऊन म्हणालो, "पाहा, एकही गळ वाकला नाही." हे मी गळांविषयी बोललो, बायांविषयी नाही. अंजनाबाई जाताना पुष्पलतेला एवढंच म्हणाल्या, "पुढची सभा आपण माझ्याकडे घेऊ वं." त्यानंतर तुमची बहीण माझ्याशी भांडली असती तर मी समजू शकलो असतो. ती भांडली नाही. तिनं उसन्या कपबशा पुसून परत दिल्या, पिशवी भरली आणि दारातून म्हणाली, "तुमी अन् तुमची डोंगी, राहा आता सुखानं."

तर गोपाळराव, आम्ही सुखानं राहतो आहोत. मी आणि डोंगी. भात मला करता येतो, खालचा थर सोडला तर चांगला होतो. लहानूनं मध्येच येऊन होडी विकायचं शहाणपण शिकवलं, त्यालाही मी बाहेरचा रस्ता दाखवला. माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली इकडून तिकडे सरकवायच्या, आणि स्वतःच्या हौसेनं एक गोष्ट केली तर सासरच्यांनी ती विकायला सांगायची, हे मला मान्य नाही. तुमच्या अटीवर माझा हाच जबाब आहे, आणि तो वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवायला हरकत नाही.

गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
रुपराव

ता. क. मरळ मिळाली. या रविवारी, बोटांपासून कोपरापर्यंतच्या हाताहून लांब. घरी आणून ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. घरभर वास आणला म्हणून कोणी ओरडलं नाही, मसाला कोण वाटणार म्हणून कोणी विचारलं नाही. शेवटी लहानूच्या घरी देऊन टाकली. मला तिचा एक तुकडाही खावासा वाटला नाही. घर खायला उठतं, गोपाळराव.

ता. क. दुसरा. पाकिटावर तिकीट नाही हे पाहिलंच असेल. पत्र नागपुरात लिहिलं, पण टपालात टाकवेना. हे मी तुमच्या भंडाऱ्याच्या एस. टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितो आहे, आणि तुमच्या गल्लीकडे निघालेल्या एका सायकलवाल्याच्या हाती देतो आहे. दाराशी येण्याचं धाडस झालं नाही. अंजनाबाईंकडे मात्र जाऊन आलो. माफी मागितली, त्यांनी चहा दिला.

ता. क. तिसरा. हा तुमच्यासाठी नाही, पुष्पलतेसाठी आहे. होडी विकायला तुम्ही सांगितलं, लहानूनं सांगितलं, तिनं नाही सांगितलं. तिनं त्या दिवशी दारातून नुसतं "विका" म्हटलं असतं, तर मी त्याच संध्याकाळी कामठीला गेलो असतो. तिनं यावं आणि मला तसं सांगावं, किंवा राहू द्या म्हणावं, किंवा काहीच न बोलता शेजारी बसावं. नागपूरची शेवटची गाडी सुटेपर्यंत मी इथे बसतो. ती सुटून गेली, तरी बसतो.