अध्यक्षाच्या डोक्यावरचा पंखा

३ मार्च
इमारतीच्या कमिटीचा नवा अध्यक्ष निवडायची सभा एकवीसला. आमच्याच हॉलमध्ये भरवा म्हटलं. निवडून मीच येणार. दुसरा आहे कोण? सगळ्यात वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर? तो लिफ्टमध्ये पायजम्यात फिरतो.

६ मार्च
हॉलमधला पंखा म्हणजे पिठाची गिरणी. बदलायचा. डेकोरेटिव्ह हवा: अक्रोडी रंगाची पाती, मध्ये पितळ, आवाज शून्य. बायको म्हणाली, राहू द्या जुना, त्याच्या खडखडाटात तुमचं बरंच झाकलं जातं. छताच्या भेगांबद्दल म्हणत असावी. रंगाऱ्याला फोन केला.

११ मार्च
शोरूममध्ये सायलेंट मॉडेल चालू करून दाखवलं. बायको म्हणते, सेल्सवाल्या बाईच्या रंगवलेल्या केसांबद्दल तुम्ही पुटपुटलात ते तिला ऐकू गेलं. अशक्य. मी पुटपुटत नाही. मी मनात बोलतो.

१५ मार्च
पंखा लागला. देखणा! इलेक्ट्रिशियन मात्र चहा न घेताच फणकाऱ्याने गेला. या लोकांना सौंदर्य झेपत नाही. बायको म्हणाली, सभेत तोंडात लवंग धरून बसा. माझ्या घशाची काळजी, दुसरं काय.

२१ मार्च, दुपार
संकल्प: आज सगळ्यांशी गोड बोलायचं. अगदी डॉक्टरशीसुद्धा. लवंग नको, भाषणात अडथळा.

२१ मार्च, संध्याकाळ
सगळ्यांनी वर बघून वा वा केलं. डॉक्टर गच्चीच्या गळतीवर बोलायला उठला. मी मनात म्हटलं, आधी पायजम्याची नाडी आत खोच. तो थांबला आणि खोचली! टेलिपथी. मग चौथ्या मजल्यावरच्या काकू पार्किंगवर बोलू लागल्या. मी मनात म्हटलं, ही बया गाडी लावते की फेकते? काकू रडू लागल्या. पार्किंग हा नाजूक विषय आहे.
बायको स्वयंपाकघरातून धावत आली, हात जोडून सगळ्यांची माफी मागितली (कशाची, देव जाणे), काकूंना पाणी दिलं, गळतीवर दोन वाक्यं बोलली. टाळ्या. डॉक्टरने अध्यक्षपदासाठी तिचंच नाव सुचवलं. सगळ्यांचे हात वर. मी रिमोट धरून हात वर केला होता, पंख्याचा वेग वाढवायला. तोही मोजला.

२२ मार्च
पद घरातच आलं, म्हणजे मलाच आलं. ती सह्या करेल, कारभार मी बघेन.

२८ मार्च
नव्या कमिटीची पहिली बैठक, आमच्याच हॉलमध्ये. अध्यक्षबाईंचा पहिला ठराव: बैठक संपेपर्यंत यांनी बाहेर थांबावं. एकमताने मंजूर. जिन्यात बसून लिहितोय. काकू उशिरा आल्या. माझ्याशेजारी नव्या चपला काढल्या आणि म्हणाल्या, जरा लक्ष असू द्या हं.
आहे.