लेकराची आंघोळ आन माही पाठ

४ डिसेंबर, गुरुवार

हाताचं प्लास्टर निघालं. आतून मनगट निघालं ते दुसऱ्याच कोणाचं वाटते, पांढरं आन सुकलेलं. डाक्टरीण म्हणे, "हात जुळला, पण आजी, हाडं आतून पोकळ झाली आहेत. मशीनचा रिपोर्ट बघा." मी काय बघू? तिसरी शिकलेली बाई, कागद इंग्रजी.

म्हणे पुढच्या वेळी पडल्या तर खुबा जाईल. मी म्हटलं, पडणारच नाही. तं म्हणे, "सगळे असंच म्हणतात."

खाली बसायचं नाही. वाकायचं नाही. जड उचलायचं नाही. हप्त्यातून एक गोळी, इतवारी सकाळी, पोटात काही नसताना, गिलासभर साध्या पाण्यासंगं. मंग अर्धा तास ताठ बसायचं, लोळायचं नाही. आन दुखलं का वहीत लिहून ठेवायचं. सोनलची शाळेतली जुनी वही घेतली, मागची पानं कोरी हायेत. दुखते, दुखते असं किती वेळा लिहू? नुसतं दु. लिहीन.

सोनल पुढच्या हप्त्यात येते बाळंतपणाले. नातीनं फोनवर आत्ताच सांगून ठेवलं, "आजी, माह्या लेकराले तूच आंघोळ घालशीन." सांगाची गरज होती काय? पन्नास वर्षं या प्रताप नगरात लोकायची लेकरं धुतली. सोनलही याच पायावर धुतली. घरचं लेकरू सोडीन काय?

डाक्टरणीले हे सांगतलं नाही. तिनं इचारलंही नाही.

७ डिसेंबर, इतवार

गोळी घेतली. दुधासंगं. दूध हाडाले चांगलं, गोळी हाडाची, मंग मध्ये पाणी कायले? सुनेनं, सोनलच्या मायनं, पाह्यलं. "आई, साधं पाणी सांगतलं होतं न." म्हटलं, कुंदा, तू कधीपासून डाक्टर झाली वं? मंग मी जराशी आडवी झाली. छातीत आग आग. दु. थोडं.

१० डिसेंबर, बुधवार

कुंदानं मागच्या अंगणातली कपड्याची दोरी वर बांधली. माही साडी टाकाले हात पुरला नाही, टाचा वर कराव्या लागल्या. इचारलं, "काहून वर केली दोरी? बुढीनं कपडे वाळू घालू नये म्हणून?"

"मी हातबी नाही लावला, आई."

खोटं. आन वरून गोड तोंड.

११ डिसेंबर, गुरुवार

सोनल आली. पोट उतरलं खाली, महिना नाही काढाची ही. चालते बदकासारखी, बोलते मात्र पोपटासारखी. आल्याबरोबर माह्या हाताकडे पाह्यलं. "आजी, जमन न तुले?" म्हटलं, तुह्या जन्माआधीपासून जमते.

तिची गादी उन्हात टाकाले उचलली. कुंदा म्हणत होती थांबा, थांबा. पाठीत अशी चमक निघाली का भिंत धरून उभी राह्यली. तोंड भिंतीकडे केलं. कोणाले दिसलं नाही.

दु. लय.

१३ डिसेंबर, शनिवार

बंडूले बोलावलं. आटो चालवते, गल्लीच्या टोकाले राहते. चाळीशीचा घोडा, पण जल्मला पायाकडून. मले माहीत, पहिल्या दिवसापासून मीच धुतला त्याले. पायाळू माणसाचा पाय पाठीवर पडला का उसण जाते. सारी गल्ली त्याच्याकडे जाते, मीच धाडते.

कुंदा बाजारात, सोनल झोपलेली. दीपक मौद्याले ड्युटीवर, तसाही लेक घरी असून नसल्यासारखाच. मागच्या दारानं घेतलं बंडूले. चटईवर पालथी पडली.

"आजी, आत्ताच हात मोडला होता तुमचा. डाक्टरले इचारलं काय?"

"तुले नागडा पाह्यला मी. मले नको शिकवू. ठेव पाय."

ठेवला. घाबरून नुसता टेकवला. म्हटलं, माशी बसली काय पाठीवर? जोर दे गा.

दिला.

वाळली काडी मोडावी तसा आवाज झाला. मले वाटलं चटईखाली काही आलं. मंग श्वास घेता आला नाही.

"आजी? आजी?" बंडूचं तोंड चुन्यासारखं.

"सुटली उसण. जा आता. आन हे कोणाजवळ बोलशीन तं याद राख."

गेला. मी चटईवरून कशी उठली ते लिहित नाही.

१४ डिसेंबर, इतवार

गोळी दुधासंगंच. बसवलं नाही, पडून राह्यली. दु. दु. दु.

१६ डिसेंबर, मंगळवार

खोकला आला तं डोळ्यातून पाणी. शिंक दाबून धरते. कुशीवर होताना पलंगाची पट्टी धरते.

सोनल म्हणे, "आजी, तू वाकून काहून चालून राह्यली?"

"वय झालं."

"मागच्या महिन्यात नव्हतं झालं?"

पोट्टीचे डोळे तिच्या आज्यावर गेले. काही सुटत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज पाहून घ्याचं ठरवलं. दोघी मायलेकी दवाखान्यात गेल्या तपासणीले. डब्यातलं पीठ तोललं, तीन किलो. सोनलच्या ओढणीत गच्च बांधलं. मोरीत पाट मांडला. बसली. बसणं जमलं, दात आवळून. पाय लांब केले, गठुडं पायावर घेतलं. हात काही इसरत नाहीत. मानेखाली पंजा, छातीखाली पंजा, पालथं. पाठ चोळली, पाय चोळले. गठुड्याले बोललीही थोडंसं. मंग सुलटं कराले उचललं.

मनगटात जोरच नाही. पाठीतून कळ अशी आली का दोन्ही हात सुटले.

पीठ मोरीत. फुटलं, पाण्यात गेलं, लगदा झाला. त्याच्याकडे पाहत बसली. लेकरू असतं तं.

उठता आलं नाही. पाऊण तास तरी तशीच असन. दार वाजलं, आधी कुंदा आत आली.

"आई, हे काय?"

"पीठ चाळत होती."

"मोरीत?"

तिनं काखेत हात घालून उठवलं मले. पाणी टाकून सारं धुतलं, ओढणी पिळली. सोनल फाटकाजवळ चपला काढून राह्यली होती, तिले काही कळू दिलं नाही. कुंदानं माहं झाकलं हे मले आवडलं नाही. उपकार झाला तिचा.

२० डिसेंबर, शनिवार

कुंदानं दवाखान्यात नेलंच. फोटो काढला पाठीचा. मणका दबला म्हणे. पिशवीच्या तळाले पाव दबते तसा दिसते फोटोत.

"पडल्या होत्या?" नाही. "जड उचललं?" नाही. "पाठीवर कोणी दाबलं, मालिश केली?" नाही.

तीन वेळा नाही म्हटलं. तिसऱ्या खेपेले कुंदानं माह्याकडे पाह्यलं.

डाक्टरीण म्हणे हा नवीन आहे, आणि खाली एक जुना दबलेला दिसतो, तेव्हा दुखलं नव्हतं काय? दुखलं असन. कंबर कधी दुखत नाही? तेल लावलं असन.

गोळी कशाबरोबर घेता म्हणून इचारलं. मी बोलाच्या आधी कुंदा, "दुधाबरोबर. आणि लगेच झोपतात." डाक्टरणीनं कपाळाले हात लावला. दुधासोबत घेतली की अंगी लागतच नाही म्हणे.

भिंतीशी उभी करून उंची मोजली. जुन्या कागदावर होती त्याहून दीड इंच कमी.

मंग कुंदानंच काढलं, आई लेकराले आंघोळ घालतो म्हणतात. डाक्टरीण आधी हसली. मंग हसू गेलं. "पाटावर बसून? अजिबात नाही. तुमची पाठ गेली तर हातातलं बाळही जाईल."

रिक्षात कुंदा म्हणे, "सोनलले तुम्ही सांगान का मी सांगू?"

"तू तोंड घालू नको."

घरी येऊन मागच्या अंगणात गेली. दोरीचे खिळे पाह्यले. सोनलच्या आज्यानं ठोकलेले, गंजून भिंतीत रुतलेले, वरून चुन्याचा हात. कोणी हलवले नाहीत. दोरी तिथंच हाय.

कुंदाले काही म्हटलं नाही. तिनंही त्या दोरीचं काढलं नाही कधी.

२१ डिसेंबर, इतवार

गोळी साध्या पाण्यासंगं. अर्धा तास खुर्चीत, घड्याळाकडे पाहत. पट्टा बांधला हाय कमरेले, बैलासारखा.

सोनलले सांगतलं नाही. ती लंगोट शिवून राह्यली.

२५ डिसेंबर, गुरुवार

शेजारची शकुन कुंपणाजवळ आली. माह्याहून दोन वर्षांनी मोठी, काडीसारखी. कंबर धरली म्हणे. "बंडूले सांगतलं, संध्याकाळी येते तो पाय द्याले. तुमच्या हातून निरोप गेला का लवकर येते." सोनल बाजूलेच संत्रं सोलून राह्यली.

मी म्हटलं, "बंडूले बोलावू नको."

"काहून? तुम्हीच तं साऱ्यायले धाडता."

"नको म्हटलं न."

"अवं पण काहून?"

काय सांगू? सोनल सोलता सोलता थांबली. शकुन उभीच. संध्याकाळी तिचीही काडी मोडणार, आन माह्या भरवशावर.

सांगतलं. पाय, आवाज, चटई, सारं. शकुन घरी गेली, "अगंबाई" म्हणत. जाता जाता दहा घरी सांगन.

सोनलच्या हातातलं संत्रं तसंच. "म्हंजे मणका त्यानं दबला? आन तू डाक्टरले नाही म्हटलं?"

"गादीनं दबला का त्याच्या पायानं, कोणाले माहीत."

"आन माह्या लेकराले आंघोळ घालणार होती. मले न सांगता."

"हो."

"पाडलं असतं तं?"

पिठाचंही सांगून टाकलं. एकदा तोंड उघडलं तं उरवायचं कायले?

ती रडली नाही. उठून आत गेली. संत्रं तिथंच ठेवून.

२७ डिसेंबर, शनिवार

सोनल बोलत नाही. ताट आणून ठेवते, बोलत नाही.

बंडू आला, हातात केळं. दारातच उभा. "आजी, माह्यानं झालं काय?" म्हटलं, मी सांगतलं, तू केलं. पाय तुहा, अक्कल माही. आता कोणाच्या पाठीवर चढशीन तं तंगडं तोडीन. केळं ठेवून गेला. दु. मध्यम.

२९ डिसेंबर, सोमवार

कुंदाले म्हटलं, पाट मांड. मी खुर्चीवर, ती पाटावर. नवीन गठुडं, या खेपेले तांदूळ. पंजे उलटे टाकते बाई. मान लटकवते. म्हटलं, लेकरू हाय का भाजीची पिशवी? तिले घाम फुटला.

तिसऱ्या वेळी बरं जमलं. पुसता पुसता बोलली, "सोनलच्या वेळी मले एकदाही हात लावू दिला नाही तुम्ही. तवा शिकवलं असतं तं?"

खरं सांगतलं. "तवा तू शिकली असती तं मले कोणी इचारलं असतं?"

तिनं गठुडं पुन्हा पायावर घेतलं. मंग म्हणे, "पुन्हा दाखवा. मानेखालचा हात."

२ जानेवारी, शुक्रवार

पोरगी झाली. अडीच किलोच्या वर थोडी. डोक्याकडून आली, सरळ. बरं झालं.

दवाखान्यात पाह्यली. सोनलनं माह्या मांडीवर द्याले हात पुढे केले आन मध्येच थांबली. मंग मले पलंगावर भिंतीशी टेकून बसवलं, दोन्हीकडून उशा लावल्या, तवा दिली. चोरावर पहारा असते तसा.

पण दिली.

९ जानेवारी, शुक्रवार

नाळ पडली. इतवारी पहिली आंघोळ. कुंदा दोन दिवसांपासून जेवत नाही नीट. "आई, ओल्या अंगाचं लेकरू तांदळासारखं राहते काय?" नाही राहत. मासोळीसारखं राहते. हे सांगतलं नाही तिले.

शकुनची कंबर डाक्टरनं पाह्यली. तिच्याही हाडाची मोजणी करतेत.

११ जानेवारी, इतवार

सात वाजून दहा मिनिटांनी गोळी घेतली. साधं पाणी. सात चाळीसपर्यंत बसायचं.

पाणी तापलं. मोरीत पाट मांडला, पाटाशेजारी माही खुर्ची. दोन्ही मीच मांडायले लावले. ऊन अजून अंगणात आलं नाही, थंडी हाय, लवकर उरकाले पाहिजे. लेकरू रडून राह्यलं, भुकेचं नाही, उघडं केलं म्हणून. आवाज ओळखते मी.

सोनल दारात आली. परवापासून बोलते थोडी. म्हणे, "आई पाटावर बसली. हात कापून राह्यले तिचे." मंग माह्याकडे पाह्यलं. तूच बस म्हणाली नाही, बसू नको म्हणाली नाही.

कुंदाचा आवाज, "आई, झालं काय तुमचं? मी एकटी नाही धरत हिले."

आठ मिनिटं राह्यली. पाठ आज बरी वाटते. खरंच बरी, दु. लिहिण्यासारखं नाही. हेच वाईट हाय.

दोन्ही हाताले तेल चोळून झालं माहं, कोपरापर्यंत. कधी चोळलं आन कायले, ते समजलं नाही. पेन घसरून राह्यला