एक डबा जास्त येतो

आई, मागच्या महिन्यात मी एक खेळ तयार केला आणि त्यात आपलं घर घातलं. खेळ म्हणजे सागरगोटे नव्हेत, संगणकावर खेळायचा. नगरच्या एका कॉलेजात शनिवारी सकाळी माणसं जमतात, सगळ्यांना एकच विषय देतात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्या विषयावर खेळता येईल असा खेळ उभा करून दाखवायचा असतो. त्याला गेम जॅम म्हणतात. पस्तिशी ओलांडलेली बाई असल्या ठिकाणी काय करते, असं तू नक्की विचारलं असतंस. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. वर्षातून दोन दिवस आपल्या मनाचं काहीतरी लिहावं, एवढंच. यंदाचा विषय होता शहराचा पुरवठा. लोकांनी धडाधड गोदामं काढली, उड्डाणपूल काढले, शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी तर नगरला बंदर काढलं. माझ्या जोडीला ऑफिसातलीच एक मुलगी होती, चित्रं काढणारी, नगरमध्येच वाढलेली, मला ताई म्हणणारी आणि तरी माझं एकही न ऐकणारी. ती ट्रक काढायला बसली, तेव्हा मी म्हटलं, ट्रक नको, एसटी काढ. आपण जेवणाचे डबे पोचवायचे.

तिला काही कळेना. मग मी समजावलं. नकाशाच्या मध्यावर नगर, भोवतीनं गावं. गावातल्या घरांतून पहाटे डबे निघतात, पहिल्या एसटीनं शहरात येतात आणि शिकायला राहिलेली पोरं ते स्टँडवरून उचलतात. खेळणाऱ्यानं गाड्यांच्या फेऱ्या अशा लावायच्या की कोणी उपाशी राहू नये. शिवाय संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत पोचले पाहिजेत, नाहीतर घरच्यांनी उद्याची भाकरी भरायची कशात? "असं खरंच असायचं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अजूनही असतं, सकाळी स्टँडवर जाऊन बघ. ती नगरची असून तिला हे माहीत नव्हतं, याचा मला उगाच राग आला.

मला तो स्टँड जसाच्या तसा दिसतो. मी डिप्लोमाला, खोलीवर राहणारी, हातात वही, पाथर्डीकडून येणाऱ्या गाडीची वाट बघत उभी. गाडी लागते, ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर डब्यांची उतरंड असते, आणि त्यात तुझा डबा लांबूनच कळतो, कारण त्याच्या कडीला तू जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली असते. एकदा मी शेपूची भाजी तशीच परत पाठवली. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं दारात उभं राहून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा आवाज लावला, "लाल चिंधीवाली पोरगी कुठाय? तुझ्या आयनं इचारलंय, भाजी माघारी धाडली ती कुनासाठी? म्हस न्हाई म्हनावं आपल्या दारात!" कॉलेजातली पोरं बरेच दिवस मला म्हैस म्हणत होती. मी इतकी चिडले की संध्याकाळच्या गाडीनं घासूनपुसून चकचकीत केलेला डबा पाठवला, म्हणजे तुला टोमणा कळावा. तुला तो कळला नाही. उलट, पोर डबा चांगला घासाया शिकली, असा निरोप आला. तुझ्याशी भांडणं हे असं अवघड काम होतं.

दसरा झाला की आपल्या घराला कुलूप लागायचं. टोळीबरोबर तू आणि अण्णा ऊसतोडीला जायचात, आणि माझ्या बरोबरीच्या मुली लग्न करून कोयता घेऊन त्याच वाटेनं जायच्या. मला तेवढी तू मागे ठेवलीस. पहिल्या वर्षी मी धरूनच चालले होते की आता उन्हाळ्यापर्यंत डबा बंद. आणि एके दिवशी काष्टीकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरनं मला हाक मारली. त्याच्या हातात लाल चिंधीचा डबा. काष्टीच्या अलीकडे उसाच्या फडाजवळ टोळीच्या कोप्या पडल्या होत्या, बांबू आणि पाचटाच्या झोपड्या; तिथून तू अंधारातच सडकेवर आलीस, पहिली एसटी हात करून थांबवलीस आणि त्या अनोळखी माणसाच्या हाती माझं जेवण दिलंस. नंतर भेटल्यावर मी विचारलं, त्यानं घेतला कसा डबा? तू म्हणालीस, "न घ्यायला काय झालं? मी म्हनलं, माजी पोर शिकती नगरला. लगीच घेतला."

म्हणून खेळात मी आपलं घर हलतं ठेवलं. दसऱ्यानंतर ते पाथर्डीतून उठतं आणि नकाशाच्या दुसऱ्या टोकाला जातं, खेळणाऱ्याला फेऱ्या नव्यानं लावाव्या लागतात. माझी जोडीदारीण म्हणाली, "ताई, घर कसं हलेल? लोकांना वाटेल प्रोग्रॅम बिघडला." मी म्हटलं, अर्ध्या तालुक्याची घरं हलतात. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉलीत चूल, हंडे, कोंबड्या आणि एक गुंडाळलेली गोधडी असं घर काढून दिलं. मी तिला कोंबड्यांचं काही सांगितलंच नव्हतं, तरी तिला त्या कुठून सुचल्या कोण जाणे.

आता खरी अडचण सांगते. खेळ कुठेतरी संपावा लागतो. त्यासाठी एकेक घर बंद होत जातं, कुणाचं पोर शिकून मोकळं होतं, कुणाचं घर कायमचं पुण्याला जातं. घर बंद झालं की त्यावर लाल खूण पडते आणि तिथली गाडी रिकामी येते. बाकीची घरं मी पटापट बंद केली. आपलं घर बंद करायची वेळ आली आणि माझा हात चालेना. रविवारची दुपार झाली होती, खेळ द्यायची वेळ जवळ येत होती, आणि मी नुसती पडद्याकडे बघत बसले होते. सगळ्यांसारखं आपलं घर एका ओळीत बंद करून टाकणं मला सहन होत नव्हतं. शेवटी त्या एका घरासाठी मी वेगळा नियम लिहिला. जोडीदारणीनं खेळून बघितलं आणि तिला तो लगेच सापडला. "ताई, इथे चूक आहे. हे घर बंद झाल्यावरसुद्धा एक डबा येतो. आणि तो शहरात उतरून खाऊन होईपर्यंत लाल खूणच पडत नाही." मी म्हटलं, माहीत आहे. "मग काढून टाक ना. एक डबा जास्त येतोय."

तो डबा खरोखर आला त्या दिवशी मी नेहमीसारखी स्टँडवर आहे. काष्टीकडची गाडी लागते. कंडक्टर एरवी दारातूनच डबा देतो, आज तो स्वतः खाली उतरतो, मला बाकावर बसवतो आणि म्हणतो, "आधी जेवून घे." मी म्हणते, काका, माझा तास आहे. "आसू दे. जेव आधी." मला वाटतं त्यालाच भूक लागली असेल, म्हणून मी अर्धी भाकरी पुढे करते. तो मान हलवतो आणि दुसरीकडे बघतो. तुझ्या भाकरीच्या कडा नेहमी जाड असायच्या, कामावर पळायच्या घाईत थापलेल्या. त्या दिवशीच्या भाकऱ्या पातळ, मऊ, गोल गरगरीत होत्या, सोबत पिठलं आणि कांदा. आज आईला थोडा निवांतपणा मिळालेला दिसतो, असं माझ्या मनात आलं, आणि मला फार बरं वाटलं. मी सगळं संपवलं. त्यानं मला पाणी प्यायला लावलं. मग म्हणाला, "बाळ, तुझी आय गेली. पहाटं. याच गाडीनं चल माझ्यासंगं." आणि अपराध्यासारखं पुढे म्हणाला, "टोळीतल्या बायांनी शपथ घातली हुती. पोरगी जेवल्याबिगर सांगायचं न्हाई."

ताप तू अंगावर काढलास. आदल्या दिवशीचा डबा तूच भरला होतास. संध्याकाळी तुला दवाखान्यात नेलं, आणि तू सकाळ बघितली नाहीस. आपल्याकडे मयत झाल्यावर शेजारची चूलही पेटत नाही. तरी पलीकडच्या कोपीतल्या मावशीनं ती पेटवली. पोरीला कळल्यावर पोरगी खायची नाही, म्हणून कळायच्या आधी तिच्या पोटात दोन घास गेले पाहिजेत, असं त्या सगळ्यांनी ठरवलं. त्या पहाटे अख्ख्या टोळीत चूल पेटली ती एकच. मी पोचले तेव्हा बायका तुझ्याभोवती बसून रडत होत्या. मावशी उठून माझ्याकडे आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पहिलं विचारलं, "जेवलीस ना गं?" मी हो म्हटलं. मग तिनं हंबरडा फोडला. आई, माझ्या वाट्याला एवढी माया आली आणि तरी त्या भाकरीचा मला आजही राग येतो, कारण ती खाताना मी आनंदात होते.

हे मी जोडीदारणीला सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती नाक पुसून म्हणाली, "शेजारच्या घरातून थोडा धूर काढू का?" आणि तिनं तो काढला, अगदी बारीक, बघणाऱ्याला दिसेल न दिसेल असा. परीक्षकांनी खेळ बघितला, छान आहे म्हणाले, फक्त शेवटी एक डबा जास्त येतो तेवढं बघा. बघतो, असं आम्ही दोघी एकदमच म्हणालो. बक्षीस बंदरवाल्यांना मिळालं.

चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. "ताई, तुझ्या खेळात अजून एक भानगड आहे. तो शेवटचा डबा गाडीतून उतरवलाच नाही, तर लाल खूण कधीच पडत नाही. गाडी नुसती फिरत राहते, शहर उपाशी राहतं, गुण कमी होत जातात, पण घर काही बंद होत नाही. दुरुस्त कर, मग आपण पुण्याला खेळांच्या प्रदर्शनात नेऊ." मी करते म्हटलं. अर्ध्या तासाचंही काम नाही ते.

तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हा कागद कुठे पाठवायचा नाही याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण एक सांगते. ती रोज विचारते आणि मी रोज म्हणते, वेळ मिळाला नाही. वेळ आहे, आई. काल दुपारी जेवायच्या सुट्टीत मी खेळ उघडला होता. गाडी स्टँडवर लागली होती, डबा वरच होता, फक्त उतरवायचा होता. मी गाडी परत वळवली आणि काष्टीच्या रस्त्याला लावली.